देवीच्या खोलीतली पुस्तकं

कोऱ्हाळे बुद्रुक
२७ नोव्हेंबर २०२३

वृषालीस,

चिरंजीव, सौभाग्यवती यातलं काही लिहायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पाकिटामागं माझं नाव बघून तू हे न फोडता चुलीत घातलंस तरी माझं काही म्हणणं नाही. फोन केला असता, पण तोंडानं बोलताना मला खोटं बोलायची सवय आहे. कागदावरचं पुन्हा वाचता येतं आणि वाचलं की लाज वाटते.

कामाचं आधी सांगते. तुझी पुस्तकांची पेटी माझ्याकडं आहे. ती जळलेली नाही.

चार वर्षांमागं, नवरात्रात, तुला कोऱ्हाळ्यातनं जावं लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या सासूबाई, बनाआत्या, ती पत्र्याची पेटी दोन गड्यांकडनं उचलून माझ्या अंगणात घेऊन आल्या. म्हणाल्या, "रेश्मा, हिच्यात काय बांधलंय ते तुझी देवी बघंल. उतरव आन् जाळून टाक." मी हो म्हटलं. माझ्या अंगात देवी येते, दर शुक्रवारी लोक मला विचारायला येतात, तर अशी कामं माझ्याकडंच येणार.

जाळायच्या आधी उघडली. मीच अंगातल्या वाऱ्यात बोलले होते ना, की पानांत काहीतरी बांधलंय. मग ते काय आहे हे बघायला नको? एकतीस पुस्तकं निघाली. बरीचशी तुझ्या वडिलांच्या, राम गुरुजींच्या सहीची. एकेक उलटं धरून झटकलं. एक एसटीचं तिकीट पडलं, एक पिंपळपान पडलं आणि तुझ्या इराच्या बारशाचा फोटो. बिब्बा नाही, दोरा नाही, राख नाही. मग वाटलं, मंत्र असा वरवर कसा सापडेल, अक्षरांतच लपवलेला असणार. म्हणून वाचायला बसले. हसशील, पण खरं आहे. तुझी पुस्तकं मी पहिल्यांदा करणी शोधायला वाचली. मी सातवी पास. त्यानंतर पेपर आणि देवीची आरती सोडून काही वाचलं नव्हतं.

एकतीसच्या एकतीस वाचून झाली. करणी सापडली नाही.

तुझी लेक इथं बरी आहे. चौथीत पहिल्या तिघांत आहे. तिच्याबद्दल याहून जास्त लिहू की नको, कळत नाही.

त्या शुक्रवारी देवळापुढं जे बोललं गेलं ते देवी बोलली. वारं उतरल्यावर मला काहीएक आठवत नव्हतं. एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी चुलत जाऊ,
रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
९ जानेवारी २०२४

वृषालीस,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे इंदापुरात ते तू घेतलंस. फोडलंस की नाही ते माहीत नाही, पण मी दुसरं लिहिते.

वाचायला जागा कुठली, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखी गोष्ट आहे. आमच्या घरात देवीची खोली आहे, तुला माहीतच आहे. तिथं माझ्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. आमचे मालक, सर्जेराव, तेही उंबऱ्याबाहेरून हाक मारतात. दुपारी जेवणं झाली की मी आत जाऊन दार लोटून घ्यायची. बाहेर बायका एकमेकींना सांगायच्या, "हळू बोला गं, रेश्मावैनी अनुष्ठानाला बसल्यात." आणि मी आत समईजवळ कादंबरी वाचत असायची.

पहिलं जाड पुस्तक सात महिने चाललं. परमुलखातलं, भाषांतर केलेलं. माणसांची नावं जिभेवर येईनात, म्हणून मी त्यांना आपल्याकडची नावं दिली. एका घमेंडखोर सरदाराला कारखान्याच्या एका संचालकाचं नाव दिलं, त्यानंतर तो लगेच समजला. जो शब्द कळायचा नाही तो कॅलेंडरच्या मागं लिहायची. आठवडाभराचे शब्द साठले की इराला द्यायची, ती शाळेत विचारून यायची. तिच्या बाई एकदा म्हणाल्या म्हणे, "इरा, हे असले शब्द तुला सापडतात तरी कुठं?" तिनं माझं नाव सांगितलं नाही. न सांगताच कळलं तिला, की सांगायचं नाही.

त्यानंतर तुझ्या पेटीतले जुने अभंग वाचले. अभंग मला लहानपणापासनं येतात, पण ऐकून. ऐकताना टाळ असतो, गर्दी असते, अर्थ निसटून जातो. डोळ्यांनी सावकाश वाचले तेव्हा दिसलं, की ही माणसं देवाशी भांडतायत. तू गप्प का, तू दिसत का नाहीस, म्हणून जीव काढतायत. मी पुस्तक मिटलं. एवढ्या मोठ्या संतांना देव आयुष्यभर रडवतो, उत्तर देत नाही, आणि मला मात्र दर शुक्रवारी साडेअकराला देतो?

हा प्रश्न मी कुणाला विचारणार? त्याच शुक्रवारी सतरा माणसं आली होती. मी सगळ्यांना उत्तरं दिली.

रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
२ मे २०२४

वृषाली,

आज लांबलचक लिहिणार आहे. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय.

तुझ्या पेटीत जुन्या ग्रीक लोकांबद्दलचं एक पुस्तक होतं, पिवळ्या पानांचं. त्यात डोंगरावरच्या एका देवळाचं वर्णन आहे. तिथं एक बाई बसायची. राजे, व्यापारी, साधी माणसं, सगळे लांबून तिला विचारायला यायचे. ती डोलायची, बोलायची, आणि ते देवाचं बोलणं म्हणून लोक लढायाही करायचे. ज्याचा मान मोठा त्याला आधी सोडत. उत्तर असं असायचं की कसंही वळवावं.

वृषाली, ते पान मी पुन्हा पहिल्यापासनं वाचलं. अडीच हजार वर्षांमागं, समुद्रापलीकडं, माझ्यासारखीच बाई. तिचा देव वेगळा, माझी देवी वेगळी. मग दोघींच्या अंगात आलं ते काय? आणि उत्तर कसं द्यायचं ते मला तरी कुणी शिकवलं होतं? "वाट दिसती, पण काटा हाय," हे मी किती जणांना सांगितलं असेल. ज्याचं काम झालं त्याला वाट दिसली, ज्याचं झालं नाही त्याला काटा.

चैत्र पौर्णिमेला पणदऱ्याची माणसं आली होती. संबळ वाजला. ऊद घातला. मी मळवट भरून बसले. आणि आलंच नाही. अंगात काही हललं नाही. शंभरेक माणसं समोर. मग मी डोलले. ठरवून, केस मोकळे सोडून, खोटं डोलले. कुणाला कळलं नाही. ते मला जास्त लागलं.

पहिल्यांदा वारं आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं होतं. देवळात संबळ वाजला आणि माझं अंग माझं राहिलं नाही. ती थरथर खरी होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. घरात ज्या सुनेला कुणी विचारत नव्हतं तिच्या पाया पडायला लागले सगळे. पण थरथरीबरोबर जे शब्द यायचे ते माझे होते. गावात ऐकलेलं, चुलीपाशी कानावर आलेलं, कुणाच्या मनात काय आहे ते ओळखून जुळवलेलं. हे मला तेव्हाही कुठंतरी कळत होतं. मी तिकडं बघत नव्हते, एवढंच.

आता पहिल्या पत्रातलं एक वाक्य खोडते. मला काही आठवत नव्हतं असं लिहिलं होतं. मला सगळं आठवतं.

तुझ्या सासऱ्यांना, गेणबाआबांना, अन्न टिकत नव्हतं. पोट धरून ओरडायचे. म्हणून सगळं घर विचारायला आलं होतं. सहावी माळ होती. तू डाव्या हाताला, पायरीपाशी उभी होतीस, मोतिया रंगाची साडी, पाच वर्षांची इरा तुझं बोट धरून. मी म्हटलं, "लिवल्यालं हाय. पानांत बांधलंय. परक्या घरनं आलेलीनं आणलंय." गावात पुस्तकं असलेलं घर एकच होतं. सगळ्यांच्या माना तुझ्याकडं वळल्या. तू माझ्याकडं बघत होतीस. रागानं नाही. धड्यात काहीतरी चुकीचं छापलंय आणि आपण बरोबर वाचलं का, असं पुन्हा बघतात तसं.

मी डोळे मिटून घेतले. वाऱ्यात डोळे मिटलेले असले की कुणाला संशय येत नाही.

रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
२१ ऑगस्ट २०२४

वृषाली,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "पेटी परत नको. पुस्तकं इराला द्या. बाकी काही लिहू नका."

पेटी आत्या ओळखतील, म्हणून पुस्तकं तेवढी पिशव्यांतनं आबांच्या हाती इराकडं पोचवली. बनाआत्यांना सांगितलंय की शाळेच्या वाचनालयाची आहेत. तिसरी ओळ मात्र पाळता येत नाही, कारण गोष्ट तुझ्या कामाची आहे.

परवा इराचे बाबा, युवराजभावजी आले, वकिलाकडचा कागद घेऊन. इराच्या ताब्यासाठी तू बारामतीच्या कोर्टात जो अर्ज केलायस, त्यात त्यांनी मला साक्षीदार धरलंय. त्यांच्या बाजूची. चहा झाला, मग त्यांनी पेन पुढं केलं.

"वैनी, नुसती सही करायचीय हितं."

मी म्हटलं, "वाचते."

"अवो, कोर्टाची भाषा, काय कळायची न्हाय."

मी वाचलं. दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, सदर अर्जदार ही अज्ञान मुलीस टाकून स्वखुशीने निघून गेली, व तसे मी समक्ष पाहिले आहे. पाच वर्षांमागं हाच कागद आला असता तर सगळ्या ओळी मला सारख्याच दिसल्या असत्या. आता त्या ओळीतला एकच शब्द उठून दिसला.

"भावजी, 'स्वखुशीनं' म्हंजी काय वो?"

ते पेनाचं टोपण लावायला लागले.

"आत्यांनी पोरीला आतल्या खोलीत कोंडलं, वृषालीला हाताला धरून येशीपत्तोर नेली, पोर आतनं दार बडवत हुती. तुमी वट्यावर उभं व्हता. ही स्वखुशी व्हय?"

"वैनी, तुमीच सांगितलंवतं ना त्या दिवशी, वाऱ्यात. आमी आपलं देवीचं ऐकलं."

बरोबरच होतं त्यांचं. कागद ठेवून घेतला, सही केली नाही. म्हटलं, विचार करते.

आणि आता जे अजून लपवलंय ते. मागच्या पत्रात लिहिलं की शब्द माझे होते. तेही अर्धंच. शुक्रवारच्या आदल्या दिवशी बनाआत्या माझ्याकडं आल्या होत्या. ओटी भरली, बसल्या. म्हणाल्या, तिला बारामतीत नोकरी धरायचीय, पोरीला घेऊन तिकडं राहायचंय, माझा ल्योक बी चालला हातचा. म्हणाल्या, सारखी पुस्तकात असती, कसली पुस्तकं असत्यात कुणाला ठावं. मग उठता उठता म्हणाल्या, "उद्या देवीला समदं दिसंलच म्हना." त्यांनी मला खोटं बोल असं सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती. त्या उंबरा ओलांडायच्या आत मला कळलं होतं की उद्या मी काय बोलणार.

का बोलले? आत्यांच्या भीतीनं म्हणू शकते, पण तेही पुरतं खरं नाही. तू नवी सून असताना एकदा हसत म्हणाली होतीस, "रेश्माताई, देवी नेहमी आपल्या गावच्याच भाषेत कशी हो बोलते?" चेष्टा नव्हती, साधा प्रश्न होता. मी सात वर्षं तो मनात धरून ठेवला होता.

आबांच्या पित्ताशयात खडे होते. तू गेल्यावर दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं, ते बरे झाले. गाव म्हणालं, बघा, करणी घरातनं गेली आणि म्हातारा उठला.

तुझ्या वकीलबाईंचा पत्ता आबांनी मला कोर्टाच्या कागदावरून उतरून दिलाय. सोमवारी बारामतीला जाते.

रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
१४ ऑक्टोबर २०२४

वृषाली,

आसावरी वकीलबाईंना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "रेश्माताई, हे कोर्टात बोललात तर तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो. असा कुणावर करणीचा आळ घेण्याविरुद्ध कायदा आहे." मी म्हटलं, असू दे.

पण परतताना एसटीत वाटलं, कोर्टात बोलायचं म्हणजे गावापासनं बावीस किलोमीटर लांब जाऊन बोलायचं. तुझ्याकडं बोट मी देवळापुढं दाखवलं होतं. परत घ्यायचं ते तिथंच घ्यायला हवं.

मालकांना अष्टमीच्या आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "देवीला खोटी पाडतीस?"

"देवीला न्हाय. मला."

"लोकांला तेवढं येगळं करून कळतंय व्हय?"

"न कळू दे."

"माझ्या घरात राहून ह्ये करायचं न्हाय."

मी म्हटलं, "मग जागा सांगा कुठं राहू. पण उद्या बोलणार हाय." ते उठून उसाला पाणी द्यायला निघून गेले. तो आमचा नवरात्रातला शेवटचा संवाद.

शुक्रवारी अष्टमी होती. देवळापुढं चिक्कार गर्दी. संबळवाल्याला हातानं थांबवलं. मळवट भरला नव्हता, केस बांधलेले होते, त्यामुळं लोक आधीच कुजबुजत होते. पाय कापत होते. ती कुठली थरथर, ते मला नीट माहीत होतं.

मी म्हटलं, "आज देवी येणार न्हाय. पाच वर्षांमागं हितंच मी वृषालीचं नाव न घेता तिच्याकडं बोट दाखवलं. ती देवी न्हवती, मी व्हते. तिनं कुणावर काय केलं न्हाय. मी खोटं बोलले. हितनं पुढं मला कुणी काय विचारायला येऊ नका, मला काय दिसत न्हाय आन् कधी दिसलंबी न्हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग बनाआत्या उठल्या. "हिला त्या पुस्तकांनी बाधलं! मी म्हनतच हुते, जाळ म्हनून!" कुणीतरी ओरडलं, माझ्या पोराच्या लग्नाचं सांगितलंवतंस ते पण खोटं का? मी हो म्हटलं. दुसरी म्हणाली, माझी म्हस? मी तिलाही हो म्हटलं. एकेक जण विचारत होता आणि मी हो म्हणत होते. एका म्हातारीनं माझ्या तोंडावर हळद फेकली आणि रडायला लागली. तिच्या मुलाबद्दल मी तिला दोन वर्षांमागं सांगितलं होतं की तो परत येईल. ती रडली ते अजून डोळ्यापुढनं हलत नाही.

मग गेणबाआबा काठी टेकत उभे राहिले. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, पण लोक गप्प बसले. "माझ्या पोटात खडं व्हतं. डागदरनं काढून दावलं मला. पाच वरीस मी बोललो न्हाय, बायकूला भ्यालो. पोरीचा दोष न्हवता." एवढंच बोलले आणि खाली बसले.

त्या दिवसापासनं आमच्याकडं कुणी येत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, दुधाच्या रांगेत बायका अंतर ठेवतात. मालक जेवतात, बोलत नाहीत. मी ठरवलंय ते ठरलंय.

रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
१८ मार्च २०२५

वृषाली,

काल तू कोर्टात नव्हतीस. आसावरीबाई म्हणाल्या, तुझ्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी होती. म्हणून झालं ते लिहून कळवते. त्या सांगतीलच, पण माझ्या तोंडचं माझ्याकडनं कळलेलं बरं.

पिंजऱ्यात उभी राहिले. शिपाई म्हणाला, "म्हणा, देवाची शपथ घेऊन खरं सांगेन, खोटं सांगणार नाही."

मला म्हणता येईना. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं होतं? देवाचं नाव घ्यायचं आणि बोलायचं. जज मॅडमनी वर बघितलं. "काय झालं?"

"मॅडम, देवाच्या नावावर मी लई बोललेय. आज माझ्या नावावर बोलू द्या."

त्या शिपायाला म्हणाल्या, "प्रतिज्ञेवर घ्या." मी देवाचं नाव न घेता, नुसत्या प्रतिज्ञेवर सांगितलं. गुरुवारची ओटी, शुक्रवारचे शब्द, आतनं दार बडवणारी इरा, वट्यावरचे भावजी, सगळं.

मग समोरचे वकील उठले. चांगले हुशार आहेत. म्हणाले, "बाई, तुमच्या अंगात देवी येते म्हणून तुम्ही वीस-बावीस वर्षं लोकांना सांगत होतात?"

"हो."

"ते खोटं होतं?"

"बोलणं खोटं होतं."

"म्हणजे बावीस वर्षं तुम्ही गावाला फसवलंत."

"हो साहेब."

"मग आज तुम्ही खरं बोलताय हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

प्रश्न वाजवी होता. मी म्हटलं, "खोटं बोलत होते तेव्हा लोक माझ्या पाया पडत होते साहेब. आज इथनं बाहेर पडले की माझ्याशी बोलणारं कुणी नाही. तरी बोलतेय. बाकी तुम्ही ठरवा."

ते बसले. युवराजभावजी दाराशी उभे होते. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण बाजूला होऊन वाट दिली.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते, कारण हे सगळं तुझ्या पुस्तकांनी घडवलंय आणि तुला वाटेल की माझा देवावरचा विश्वास गेला. गेला होता. मधली दोन वर्षं मी त्या खोलीत समई लावायची आणि मला वाटायचं, पितळेपुढं तेल जाळतेय. पण काल कोर्टातनं येताना मी देवळात गेले. गाभाऱ्यात नाही, बाहेर बायकांच्या रांगेत. सगळ्या पुढं सरकल्या, मी एकटीच मागं राहिले. तेव्हा ध्यानात आलं, इतक्या वर्षांत मी देवीकडं तोंड करून कधी उभीच राहिले नव्हते. माझी पाठ तिच्याकडं असायची आणि तोंड लोकांकडं. काल तिच्याकडं बघितलं. काही मागितलं नाही. ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प असणं मला पहिल्यांदा खरं वाटलं.

याला विश्वास म्हणतात का, ते मला माहीत नाही. बारामतीच्या वाचनालयाचं कार्ड काढलंय. अजून बरंच वाचायचंय.

रेश्मा


कोऱ्हाळे बुद्रुक
२२ जून २०२५

वृषाली,

जज मॅडमनी इराशी अर्धा तास एकटीशी बोलून निकाल दिला आणि ती तुझ्याकडं आली, हे तुला मी काय सांगणार. महिन्यातले दोन रविवार आबांना ती भेटणार, यानं म्हातारा खूश आहे. बनाआत्या अजून मला शिव्या देतात. देऊ देत. त्या एकट्या पडल्यात, आणि एकटं पडणं म्हणजे काय ते मला आता कळतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात आपण समोरासमोर आलो. मी थांबले. तू माझ्याकडं बघितलंस आणि इराला घेऊन पुढं गेलीस. घरी येईपर्यंत मला वाईट वाटत होतं, मग वाटलं, बरोबर केलंस. मी सांगितलं ते खरं होतं म्हणून तू मला माफ करायलाच पाहिजेस असं कुठं आहे? खरं बोलणं हे माझं देणं होतं, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं. पाच वर्षं तुझी आणि पोरीची गेली, ती माझ्या साक्षीनं परत येत नाहीत.

पोलिसांनी एकदा बोलावून जबाब घेतला. लिहिलेला जबाब वाचून दोन चुका दुरुस्त करायला लावल्या, मगच सही केली. हवालदार जरा चकित झाले. पुढं काय व्हायचं ते होईल.

मालक मागच्या आठवड्यात पहिल्यांदा देवीच्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आले. माझ्या हातातल्या वाचनालयाच्या पुस्तकाकडं बोट केलं. म्हणाले, "काय लिवलंय गं ह्यात एवढं?" मी म्हटलं, बसा, वाचून दाखवते. दोन पानं ऐकली आणि पेंगायला लागले. पण बसले होते.

आज सकाळचं सांगते आणि थांबते.

आठच्या सुमाराला पणदऱ्याहून एक बाई आली. हिला अष्टमीचं कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगून पटलं नसावं. बरोबर सून, विशीची, ओठ पांढरे पडलेले, भिंतीला धरून उभी. तीन महिने असं होतंय, सासू म्हणाली, उभ्या उभ्या पडते, कामाला हात लावत नाही. मग माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "हिच्या माहेरचंच कायतरी असनार. तुमी बघा की."

सून माझ्याकडं बघत होती. काय बोलते याची वाट बघत होती.

मी तिचा हात हातात घेतला, पापणी खाली ओढून बघितली. रक्तच नव्हतं पोरीच्या अंगात. पिशवीत पाण्याची बाटली टाकली, चप्पल घातली.

म्हातारी गोंधळली. "अवो, पर देवी काय म्हनती?"

"देवी काय म्हनत न्हाय. साडेनऊची बारामतीची गाडी हाय, दवाखान्यात जायचंय. चला, मी बी येते."

रेश्मा